महसीरसाठी गळ: कृष्णा-कोयनेच्या काठावर

महाबळेश्वर – येथे येणारा पर्यटक वेण्णा तलावात नौकाविहार करतो, स्ट्रॉबेरी व मक्याची कणसे खातो, सूर्यास्त पाहतो आणि परततो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम म्हणून तो क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात हातही जोडतो. या नद्यांच्या पोटात काय राहते, याची चौकशी मात्र सहसा होत नाही. अधूनमधून एक निराळा पाहुणा येतो. त्याच्याकडे लांब काठी असते, आमिषांची छोटी पेटी असते आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : महसीर कुठे मिळेल? या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. ते का देता येत नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

उत्तर अमेरिकेतील स्वच्छ, थंड व खडकाळ पाण्याच्या नद्या-सरोवरांत ‘स्मॉलमाउथ बास’ नावाच्या माशामागे हौशी मंडळी वेडी असतात. आकाराने तो फार मोठा नसतो. पण गळाला लागल्यावर ज्या त्वेषाने झुंजतो, त्यासाठी त्याची कीर्ती. आपल्याकडे तो मान महसीरचा आहे. मोठमोठे, नाण्यासारखे खवले, जाड मांसल ओठ, धारेविरुद्ध उभे राहण्यासाठी घडलेले भक्कम शरीर असे त्याचे रूप. जबड्यात त्याला दात नसतात. ते असतात घशात, तीन ओळींत. खेकडा, शिंपला, गोगलगाय, लहान मासळी आणि काठावरच्या झाडांची पाण्यात पडलेली उंबरे व जांभळे हे सारे त्या दातांखाली चिरडले जाते. कच्चा गळही चिरडला जातो, हे नवशिक्याला पहिल्याच मोठ्या माशाच्या वेळी कळते.

दख्खनच्या या महसीरची शास्त्रीय ओळख जगाला प्रथम करून दिली ती लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी. मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकी गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या भटकंतीत त्यांनी मासेही जमविले आणि १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव देताना त्यांनी मराठी मुलखातील बोलीतलेच नाव उचलले : ‘खुद्री’. आज जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ ‘टॉर खुद्री’ म्हणतात, त्यातला दुसरा शब्द आपल्या नदीकाठचा आहे. ज्या मुळा-मुठेतून हा मासा शास्त्राच्या दप्तरी गेला, तिचे पुण्याखालचे पाणी आज ज्याने पाहिले आहे, त्याला पुढचे सांगायला नको.

पाणी वाचता यावे

गळ टाकणे म्हणजे काठावर बसून झोपा काढणे, हा समज महसीरच्या बाबतीत अगदी चुकीचा आहे. येथे हातापेक्षा डोळ्यांना काम अधिक. नदीचा पट्टा पाहिला की त्यात तीन भाग दिसतात. खडकांवरून खळखळत येणारी धार, त्या धारेखालचा खोल डोह आणि डोह संपताना पुन्हा उथळ होत जाणारी शेपटी. दिवसा ऊन चढले की मोठा मासा डोहाच्या खोलीत जातो. पहाटे व सायंकाळी तो धारेच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. मात्र भर धारेत राहणे त्यालाही परवडत नाही. एखाद्या मोठ्या धोंड्याआड, जेथे वेगवान व संथ पाण्याची शीव पडते, तेथे संथ बाजूला तो थांबतो आणि शेजारून वाहत जाणारे खाद्य झडप घालून उचलतो. आमिष पडायला हवे ते या शिवेवर. अमेरिकेतला बासचा शिकारीही नेमके हेच शोधत असतो; मासा बदलला तरी पाण्याचे गणित बदलत नाही.

आमिषाचे दोन प्रकार. आपल्याकडे पूर्वापार चालत आलेला प्रकार म्हणजे कणकेचा किंवा नाचणीच्या पिठाचा घट्ट शिजविलेला गोळा, खेकडा अथवा गांडूळ. कर्नाटकात कावेरीच्या काठी नाचणीच्या गोळ्याने मोठमोठे महसीर काढले गेले आहेत. दुसरा प्रकार कृत्रिम आमिषाचा : पाण्यात फिरताना चकाकणारा धातूचा चमचा, गरगर फिरणारा स्पिनर किंवा लाकूड-प्लास्टिकची मासोळी. पाणी स्वच्छ असेल तेव्हा ही आमिषे उपयोगी पडतात, गढूळ पाण्यात मात्र पिठाचा गोळाच बरा, कारण तेथे मासा डोळ्यांपेक्षा वासावर चालतो. म्हणूनच पाऊस ओसरून नद्या निवळल्यानंतरचे आश्विन-कार्तिकाचे दिवस आणि पुन्हा माघापासून वैशाखापर्यंतचा काळ कृत्रिम आमिषासाठी चांगला.

आमिष धारेला तिरपे, थोडे वरच्या अंगाला टाकावे आणि पाण्यानेच ते धोंड्याच्या बाजूने खाली न्यावे. दोर सैल पडू देऊ नये. महसीर चुटुचुटु कुरतडत बसत नाही; एकदम हिसका बसतो आणि पाठोपाठ रिळावरचा तंगूस सरसरून सुटू लागतो. हीच परीक्षेची वेळ. त्या पहिल्या धावेला अडविण्याचा प्रयत्न केला की एक तर दोर तुटतो किंवा गळ सरळ होतो. रिळाचा ताण आधीच बेताचा ठेवावा, काठी उंच धरावी, माशाला धावू द्यावे आणि तो थांबला की दोर गोळा करावा. धाव, थांबा, पुन्हा धाव असा हा खेळ अर्धा तासही चालतो. आठ-दहा फुटांची काठी, वीस पौंडी तंगूस आणि तो किमान दीडशे-दोनशे मीटर मावेल असे रीळ एवढे साहित्य पुरते. जबड्यात दात नसल्याने तारेची गरज नाही. खर्च करायचाच असेल तर तो काठीपेक्षा चांगल्या पोलादी गळावर करावा.

तापोळ्यापासून सांगलीपर्यंत

महाबळेश्वरहून घाट उतरून पंचवीस-तीस किलोमीटरवर तापोळा लागते. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय येथवर पसरला आहे. सोळशी नदी येथेच कोयनेला मिळते. एवढे मोठे पाणी पाहून नवखा माणूस गोंधळतो आणि मिळेल तेथे गळ टाकतो. महसीर हा मुळात वाहत्या पाण्याचा जीव. जलाशयातही तो ओढ्या-नद्यांच्या मुखाशी आणि बुडालेल्या खडकाळ कड्यांलगत फिरतो. मधल्या अथांग पाण्यात त्याला शोधणे व्यर्थ. कोयनेतील माशांच्या जातींची जी शास्त्रीय सूची झाली आहे, तीत महसीरची नोंद आहे; मात्र तो सहज मिळेल अशी आशा ठेवून कोणी जाऊ नये.

परवानगीचा मुद्दा येथे स्पष्ट सांगणे भाग आहे. जलाशयाच्या पश्चिमेकडील जंगल १९८५ पासून कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. त्या हद्दीत गळ टाकणे हा वन्यजीव कायद्याचा भंग ठरतो. शिवाय राज्यातील जलाशयांतील मासेमारीचे हक्क सहसा मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. तेव्हा तापोळा असो, वाईजवळचे धोम असो की वेण्णेवरील कण्हेर असो, आधी स्थानिक संस्थेकडे चौकशी करावी. पोटासाठी जाळे टाकणाऱ्याच्या पाण्यात हौसेने शिरायचे, तर विचारण्याची रीत पाळायला हवी. खुद्द वेण्णा तलाव नौकाविहारासाठी आहे; तेथे होड्यांच्या गर्दीत गळ भिरकावणे धोक्याचे, आणि पालिकेला विचारल्याशिवाय तर मुळीच नको.

महसीर नाही मिळाला म्हणून दिवस फुकट जात नाही. धोमच्या पाण्यात व खाली कृष्णेच्या संथ पट्ट्यांत कटला, रोहू व मृगळ यांच्यासाठी गळ टाकता येतो. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, मत्स्यबीज म्हणून आपल्या जलाशयांत सोडलेले. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो, म्हणून बुचाची उंची त्याप्रमाणे लावावी. शेंगदाण्याची पेंड व कोंडा मळून केलेला गोळा त्यांना आवडतो. शेवाळ-पाणवनस्पतींच्या कडेला मरळ असते. ती हवा घ्यायला वर येते, पाण्यावर वर्तुळ उमटते, आणि त्या वर्तुळाच्या पुढे रबरी बेडूक टाकला की हल्ला झालाच म्हणून समजा. मात्र पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका दिसला तर तेथे गळ टाकू नये. खाली मरळीची जोडी राखण करीत असते. ती गेली की सारा पुंजका इतर माशांच्या तोंडी जातो. चिलापीबाबत असा कोणताही विधिनिषेध बाळगण्याचे कारण नाही. १९५२ मध्ये आफ्रिकेतील ही जात भारतात आणली गेली आणि तिने देशी माशांची जागा बळकावली. गांडुळावर ती मुबलक मिळते. हवी तेवढी घरी न्यावी.

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाखाली कृष्णा रुंदावते, संथ होते. सांगली जिल्ह्यात शिरल्यावर गळ टाकणाऱ्याने पाण्यापेक्षा काठाकडे अधिक लक्ष द्यावे हे बरे. भिलवडी, औदुंबर परिसरात कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. गुडघाभर पाण्यात उभे राहून काठी धरण्याची हौस या भागात करू नये. माशाच्या धडपडीचा आवाज मगरीलाही ऐकू जातो. धरणांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याचेही तसेच. वर धरण असलेल्या नदीत मधल्या खडकावर बसण्यापूर्वी विसर्गाची चौकशी करावी. आकाश निरभ्र असतानाही पाणी चढू शकते.

सांगलीजवळच्या कृष्णेची दुसरी व्यथा प्रदूषणाची. २०२३ च्या मार्चमध्ये अंकली परिसरात मेलेल्या माशांचा खच पडला होता. कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी नदीत मिसळते आणि पाण्यातील प्राणवायू संपतो. मग मासा मोठा की लहान, देशी की परदेशी, हा प्रश्न उरत नाही.

चढणीच्या दिवसांत

मृगाचा पाऊस कोसळला की ओढे वाहू लागतात आणि नदीतील मासे उलट्या धारेने वर चढू लागतात. हे चढणीचे मासे. कोकणात यालाच वलगण म्हणतात. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना तो सणासारखा साजरा होतो. शेतातल्या बांधापासून ओढ्याच्या धबधब्यापर्यंत जाळी, टोपल्या, काठ्या घेऊन माणसे उभी असतात. यात गंमत आहे, जुनी परंपरा आहे, हे खरे. परंतु वर चढणारा मासा अंडी घालायला निघालेला असतो. महसीरचा विणीचा हंगाम ऐन पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर. त्याची अंडी तुलनेने मोठी, पिवळसर-नारिंगी. ती तळाच्या वाळू-गोट्यांत विसावतात आणि सुमारे तीन दिवसांत पिले बाहेर पडतात. त्या आधीच माय जाळ्यात गेली, किंवा वाळू उपशाने तो गोट्यांचा थरच गेला, तर पुढच्या वर्षी डोह रिकामा राहतो. समुद्रात पावसाळी मासेमारी बंद ठेवण्याचे महत्त्व आपण मान्य केले आहे. नदीच्या बाबतीत ते अद्याप आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

याहून वाईट ते सुरुंग. जिलेटिनची एक कांडी डोहात फुटली की विकण्याजोगे चार मासे वर येतात आणि बोटभर पिले शेकड्यांनी तळाशी जातात. पाण्यात विष किंवा विरंजक भुकटी टाकण्याचा प्रकारही होतो. स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यानेच मनाई केली आहे. सव्वाशे वर्षांचा हा कायदा आहे. अंमलबजावणीचे वय त्यामानाने फारच कमी दिसते.

लोणावळ्याचे मत्स्यबीज

महसीर घटत चालल्याचे सर्वप्रथम ज्यांनी गांभीर्याने घेतले, त्यांत महाराष्ट्राचे मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९७० च्या सुमारास लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या तलावाकाठी महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. पुढे शशांक ओगले यांनी ते काम अनेक वर्षे वाढविले. तेथील बोटुकली देशभरातील नद्या-जलाशयांत सोडली गेली. दख्खनचा महसीर आंतरराष्ट्रीय लाल यादीत एकेकाळी ‘संकटग्रस्त’ होता. नंतरच्या फेरआढाव्यात तो ‘किमान चिंता’ गटात आला. मराठी मातीतला हा एक उल्लेखनीय प्रयोग आहे, यात शंका नाही.

पण या यशाला दुसरी बाजू आहे. लोणावळ्याचे बीज कावेरीतही सोडले गेले. तेथे मूळचा, पाठीवर वशिंड असलेला निराळा महसीर होता. १९४६ मध्ये काबिनी नदीत डी वेट व्हॅन इंगेन यांनी काढलेला १२० पौंडांचा प्रसिद्ध मासा याच जातीचा समजला जातो. दख्खनी महसीर तेथे भराभर वाढला, वशिंडवाला मागे पडला आणि २०१८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव निश्चित झाले तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता. चांगल्या हेतूने सोडलेला मासा परक्या नदीत उपद्रवी ठरू शकतो. म्हणूनच आपल्याही नद्यांत बीज सोडण्यापूर्वी ते कोठले, कोणत्या खोऱ्यातले, हे विचारले पाहिजे.

हौशी माणसाच्या हाती एवढेच असते, की पकडलेला महसीर परत सोडणे. त्याचीही पद्धत आहे. तीन काट्यांचा गळ काढून एकच काटा ठेवावा आणि त्याची उलटी नांगी पकडीने दाबून टाकावी. मासा कोरड्या हाताने किंवा रुमालाने धरू नये; अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्याला बुरशी लागते. छायाचित्र हवेच असेल तर पाण्यातच घ्यावे. सोडताना त्याचे तोंड धारेकडे करून दोन्ही हातांनी आधार द्यावा, कल्ले नीट हलू लागले आणि त्याने स्वतः शेपूट मारली की हात काढावेत. दमलेला मासा नुसता पाण्यात फेकला तर तो पोट वर करून वाहून जातो आणि सोडल्याचे पुण्य केवळ आपल्या मनातच राहते.

ज्यांना गळ न टाकता हा मासा पाहायचा आहे, त्यांच्यासाठी महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे महाड गाठणे सोयीचे. तेथून पुढे रायगडाच्या परिसरात वाळण येथे काळ नदीवर एक कोंड आहे. काठी वरदायिनी देवीचे स्थान आहे आणि कोंडातील मासे देवीचे मानले जातात. त्यांना कोणी मारत नाही, कोणी खात नाही. भाविकांनी खाऊ टाकला की काळसर पाठींचे मोठमोठे महसीर पृष्ठभागावर उसळतात आणि पुन्हा खोल जातात. ठाणे-पालघरकडे वैतरणेवर तिळसे येथेही असेच राखलेले मासे आहेत. वाळणला जाणाऱ्याने काठी-रीळ गाडीतच ठेवावे. तेथे त्याला परवानगी नाही, आणि ती कोणी मागतही नाही.