गृहतापन धोरण, ब्रिटनमधील

राहत्या घरांतून होणारा उष्णतेचा अपव्यय कमी करणे आणि घरे उबदार ठेवण्यासाठी लागणारी उष्णता कमीत कमी कार्बन उत्सर्जनात मिळविणे, या दुहेरी हेतूने ब्रिटनमध्ये करण्यात आलेले कायदे, बांधकामाची मानके व अर्थसाहाय्याच्या योजना यांचा या धोरणात समावेश होतो. ब्रिटनमध्ये सु. २.८ कोटी घरे असून त्यांपैकी बहुसंख्य घरे नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या बॉयलरने तापविली जातात. बॉयलरमध्ये तापलेले पाणी नळांवाटे खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत खेळविले जाते. देशाच्या एकूण हरितगृह-वायू उत्सर्जनाचा सु. एक-पंचमांश भाग इमारतींच्या तापनातून येतो. शिवाय घर पुरेसे उबदार ठेवणे न परवडणारी अनेक कुटुंबे आहेत. या स्थितीस ‘इंधन-दारिद्र्य’ म्हणतात. थंड व दमट घरांत वृद्ध, बालके आणि श्वसनविकार व हृद्‌विकार असलेले रुग्ण यांच्या आरोग्यास धोका पोहोचतो. त्यामुळे हा प्रश्न हवामानाइतकाच सार्वजनिक आरोग्याचाही आहे.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश घरांत दगडी कोळशाच्या उघड्या शेगड्या सर्वत्र प्रचारात होत्या. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पसरलेल्या धूरमिश्रित धुक्यामुळे हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९५६ मध्ये ‘स्वच्छ हवा अधिनियम’ संमत होऊन धूरमुक्त क्षेत्रे ठरविण्यात आली. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायूचा साठा सापडला. तोपर्यंत शहरांना पुरविला जाणारा वायू मुख्यतः कोळशापासून तयार होत असे. त्याचे ज्वलनगुण निराळे असल्याने प्रत्येक घरातील शेगड्यांचे व तापकांचे ज्वालक बदलणे आवश्यक होते. राष्ट्रीयीकृत वायू-उद्योगाने १९६७ ते १९७७ या काळात हे काम एकेक विभाग घेऊन, घरोघरी कर्मचारी पाठवून पार पाडले. सु. १.३ कोटी ग्राहकांच्या उपकरणांत असा बदल करण्यात आला. आजचे वायू-आधारित गृहतापन याच परिवर्तनातून उभे राहिले.

उष्णतेची गळती व निरोधन : ब्रिटनमधील घरे यूरोपातील सर्वांत जुन्या घरांत मोडतात. इंग्लंडमधील सु. एक-पंचमांश घरे १९१९ पूर्वी बांधलेली असून त्यांच्या भिंती बहुधा विटांच्या भरीव आहेत. नंतरच्या काळात दोन थरांमध्ये पोकळी ठेवून भिंती बांधण्याची पद्धत रूढ झाली. भिंतीतून होणारी गळती ‘यू-मूल्या’ने मोजतात. आतील व बाहेरील तापमानांत १° से. फरक असताना एक चौ. मी. क्षेत्रातून जितके वॉट उष्णता बाहेर जाते, ते त्या भिंतीचे यू-मूल्य होय. इंग्लंड व वेल्समध्ये १९६५ च्या बांधकाम नियमांनी बाह्य भिंतीसाठी हे मूल्य कमाल १.७ ठरविले होते. इंग्लंडच्या २०२१ च्या नियमांत नव्या घरांच्या भिंतींसाठी ही मर्यादा ०.२६ आहे. यावरून जुन्या व नव्या घरांतील अंतर लक्षात येते.

छपराखालील माळ्यावर निरोधक थर पसरणे व भिंतीतील पोकळी निरोधक द्रव्याने भरणे हे उपाय तुलनेने स्वस्त आहेत. भरीव भिंतीवर आतून वा बाहेरून निरोधक थर चढविणे मात्र खर्चिक व कौशल्याचे काम आहे. भेगा व फटी बुजविताना वायुवीजनाची व्यवस्था केली नाही, तर आतील बाष्प भिंतीवर साचून ओल व बुरशी येते.

उष्णता-पंप : हे साधन प्रशीतकाच्या तत्त्वावर चालते. प्रशीतक आतील उष्णता बाहेर टाकतो, तर हा पंप बाहेरील हवेतील वा जमिनीतील उष्णता शोषून घरात आणतो. बाहेरची हवा थंड असली, तरी तिच्यात उष्णता असतेच. तिच्याहून थंड असा द्रव तिच्या संपर्कात आणला की तो उष्णता घेऊन बाष्परूप होतो. हे बाष्प विजेच्या साह्याने दाबले असता त्याचे तापमान वाढते व ती उष्णता घरातील पाण्याला देता येते. अशा यंत्राची कल्पना लॉर्ड केल्व्हिन (विल्यम टॉमसन) यांनी १८५२ मध्ये मांडली होती. ब्रिटनमध्ये जॉन समनर यांनी १९४५ च्या सुमारास नॉरिच येथे नदीच्या पाण्यातील उष्णता वापरणारा पंप उभारला.

वायू-बॉयलर इंधनातील उष्णतेच्या सु. ९०% उष्णता घराला देतो. उष्णता-पंप वर्षभराच्या सरासरीने खर्चिलेल्या विजेच्या अडीच ते तीन पट उष्णता देतो. सप्टेंबर २०२४ अखेर ब्रिटनमधील शेवटचे कोळशावरील वीजकेंद्र बंद झाले. वीज जसजशी स्वच्छ होते, तसतसे पंपामुळे होणारे उत्सर्जनही घटते. मात्र पंपातील पाणी बॉयलरपेक्षा कमी तापमानाला ठेवणे हितावह असल्याने काही घरांत मोठे रेडिएटर बसवावे लागतात.

धोरणाचे टप्पे : १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनबचतीकडे लक्ष वेधले गेले व १९७८ च्या अधिनियमान्वये माळ्यांच्या निरोधनासाठी अनुदाने देण्यात आली. १९९४ पासून वीज पुरविणाऱ्या व पुढे वायू पुरविणाऱ्याही कंपन्यांवर ग्राहकांच्या घरी ऊर्जाबचतीचे उपाय करण्याचे बंधन घालण्यात आले. २००७ पासून घरांना ‘ए’ ते ‘जी’ अशी श्रेणी देणारी ऊर्जा-प्रमाणपत्रे सुरू झाली. २००८ च्या हवामानबदल अधिनियमाने उत्सर्जनावर कायदेशीर मर्यादा घातली आणि २०१९ मध्ये तीत दुरुस्ती होऊन २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट स्वीकारले गेले.

यानंतरच्या योजना मात्र अल्पजीवी ठरल्या. सुधारणेचा खर्च कर्जरूपाने देऊन तो वीजबिलातून वसूल करणारी ‘ग्रीन डील’ ही योजना २०१३ मध्ये सुरू झाली. कर्जाचे व्याज लोकांना आकर्षक वाटले नाही. सु. १४,००० घरांनीच कर्ज घेतले व २०१५ मध्ये योजनेचा निधी थांबविण्यात आला. २०१६ पासून सर्व नवी घरे शून्य-कार्बन असावीत हा २००६ मध्ये जाहीर झालेला संकल्पही २०१५ मध्येच सोडून देण्यात आला. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रीन होम्स ग्रँट’ योजनेचे लक्ष्य सहा लाख घरांचे होते. ती सहा महिन्यांतच आटोपली व ५०,००० घरांपर्यंतही पोहोचली नाही. २०२२ पासून इंग्लंड व वेल्समध्ये हवेतील उष्णता वापरणाऱ्या उष्णता-पंपासाठी ५,००० पौंड अनुदान मिळू लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा व जमीन या दोन्ही प्रकारच्या पंपांकरिता ते ७,५०० पौंड करण्यात आले. त्याआधीच्या महिन्यात मात्र भाड्याच्या घरांसाठी योजलेली वरची ऊर्जाश्रेणी शासनाने रद्द केली होती. स्कॉटलंडमध्ये एप्रिल २०२४ पासून नव्या घरांत वायू वा तेलाचे बॉयलर बसविण्यास मनाई झाली.

अडचणी : पहिली अडचण दरांची आहे. २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये घरगुती विजेचा दर वायूच्या दराच्या सु. चौपट होता. वीजनिर्मितीच्या खर्चाबरोबरच धोरणात्मक आकारण्यांचा मोठा भार वीजबिलावर टाकलेला असणे, हे त्याचे एक कारण होय. दर चौपट असताना तिप्पट उष्णता देणारा पंपही बॉयलरपेक्षा सु. एक-पंचमांशाने महाग पडतो. हेच प्रमाण तिपटीवर आले, तर तो सु. एक-दशांशाने स्वस्त ठरतो. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात यांपैकी एका प्रमुख आकारणीचा बराचसा भार एप्रिल २०२६ पासून तीन वर्षे करांतून उचलण्याचे जाहीर करण्यात आले.

दुसरी अडचण कारागिरांची आहे. योजना वरचेवर बंद पडत असल्याने प्रशिक्षित कामगार व लहान ठेकेदार या व्यवसायात टिकत नाहीत. निकृष्ट कामाचे परिणाम रहिवाशांना भोगावे लागतात. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या अहवालानुसार, पुरवठा-कंपन्यांमार्फत राबविलेल्या योजनांत बाहेरून निरोधन केलेल्या ९८% घरांत दुरुस्तीयोग्य गंभीर दोष होते. तिसरी अडचण भाडेकरूंची आहे. सुधारणेचा खर्च मालकाने करावयाचा व बचत मात्र भाडेकरूची, अशी स्थिती असल्याने मालक उदासीन राहतो.

२०२८ पर्यंत दरवर्षी सहा लाख उष्णता-पंप बसविण्याचे उद्दिष्ट २०२० मध्ये ठरविण्यात आले होते. २०२४ मधील विक्री एक लाखाच्या आतच होती. १९६७–७७ च्या परिवर्तनाशी तुलना करता फरक यंत्राच्या गुणवत्तेत नसून कार्यपद्धतीत असल्याचे दिसते. त्या वेळी एका सार्वजनिक संस्थेकडे सलग दहा वर्षांचा कार्यक्रम व प्रशिक्षित मनुष्यबळ होते. आता निर्णयाची व खर्चाची बरीचशी जबाबदारी प्रत्येक कुटुंबावर आहे आणि निरोधन व घरातील नळव्यवस्था यांमुळे प्रत्येक घरातील कामही अधिक गुंतागुंतीचे झाले आहे. दरांची फेररचना, कामाच्या दर्जाची कडक तपासणी आणि धोरणातील सातत्य या तीन गोष्टींवर या परिवर्तनाचे यश अवलंबून आहे.