आधाराचे वर्तुळ

तंजावर म्हटले की मराठी मनाला व्यंकोजीराजांची, दुसऱ्या सरफोजी महाराजांची आणि सरस्वती महाल ग्रंथालयाची आठवण होते. याच तंजावरनजीक, कावेरीच्या तीरावर तिरुवैयारु हे क्षेत्र वसले आहे. कर्नाटक संगीतातील संतकवी त्यागराज (१७६७–१८४७) यांची ही कर्मभूमी. सरफोजी महाराजांच्या दरबाराचे निमंत्रण त्यांनी नाकारले, घरोघर भिक्षा मागून निर्वाह केला आणि त्यामुळे संतापलेल्या थोरल्या भावाने त्यांच्या पूजेतील राममूर्ती कावेरीत टाकून दिल्या, अशी आख्यायिका आहे. घरच्यांना जो वेडेपणा वाटला, त्यालाच पुढे समाजाने संतत्व मानले. त्यांचे समाधिमंदिर विसाव्या शतकाच्या प्रारंभी बंगळूर नागरत्नम्मा यांनी स्वतःची मिळकत वेचून उभारले. मात्र स्त्री म्हणून तेथे गाण्याचा अधिकार त्यांना झगडून मिळवावा लागला.

कोणाला आपले म्हणावयाचे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे, हा प्रश्न असा जुनाच आहे. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात तो अधिकच तीव्र होतो. त्याच तमिळभूमीत जन्मलेल्या आणि पुण्यात कार्य केलेल्या डॉ. भार्गवी दावर यांनी या प्रश्नाचा आयुष्यभर वेध घेतला.

आई नावाचा पहिला धडा

भार्गवी यांच्या मातोश्री ‘बापू’ या नावाने ओळखल्या जात. चेन्नईतील संपन्न घरातील ही गृहिणी कृष्णभक्तीत रमली, तमिळ भाषेत भक्तिरचना करू लागली आणि एके दिवशी घरदार सोडून देवस्थानांच्या वाटेला लागली. डॉक्टरांनी त्यांच्या अवस्थेस स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, असे नाव दिले. इच्छेविरुद्ध उपचारही झाले. भक्तांच्या दृष्टीने त्या संत होत्या, वैद्यकाच्या दृष्टीने रुग्ण. आणि घरी राहिलेल्या मुलांच्या दृष्टीने केवळ दुरावलेली आई. अमेरिकन लेखिका रेचल अविव यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ही कहाणी विस्ताराने सांगितली आहे.

आईला नेमके काय झाले होते आणि तिला कशाने बरे वाटले असते, या दोन प्रश्नांनी भार्गवी यांना अभ्यासाकडे वळविले. मुंबईच्या आयआयटीमधून त्यांनी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळविली. भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरील त्यांचा ग्रंथ १९९९ मध्ये प्रकाशित झाला. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आईच्या नावाने ‘बापू ट्रस्ट’ स्थापन केला. पुढे त्यांनी कलाधारित उपचारपद्धतीचेही शिक्षण घेतले.

उपचार वस्तीच्या अंगणात

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण तीत मृत्युमुखी पडले. देश हादरला. त्यानंतर दर्गे व देवस्थाने यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. साखळदंडांचे समर्थन कोणीच करणार नाही. परंतु माणसे तेथे का जातात, हेही समजून घेतले पाहिजे, असा भार्गवी यांचा आग्रह होता. महाराष्ट्रातील दर्ग्यांविषयी त्यांनी सहकाऱ्यासमवेत अभ्यास केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुःख मोकळेपणाने व्यक्त करण्यास जागा, सोबतीला समदुःखी आणि श्रद्धेचा आधार यांचा शोध माणसाला अशा ठिकाणी घेऊन येतो.

हाच आधार वस्तीत उभा करता येईल काय? ट्रस्टच्या ‘सेहर’ या उपक्रमाने पुण्यातील गरीब वस्त्यांत तो प्रयत्न केला. कार्यकर्त्या घरोघर जातात, आधी ऐकून घेतात. झोप, जेवण, घरातील भांडण, कर्ज, एकाकीपण या साऱ्यांची विचारपूस होते. गाणे, चित्र, श्वासाचे साधे प्रयोग यांचीही जोड दिली जाते. नातलग, शेजारी आणि मित्र यांचे त्या व्यक्तीभोवती ‘आधाराचे वर्तुळ’ तयार करणे, हे या कामाचे मर्म. वैद्यकीय उपचारांची गरज असेल तेथे ते हवेतच. परंतु औषधाची गोळी शेजाऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

हक्क ठाऊक असावेत

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने या विचारास कायद्याचे बळ दिले. त्यानुसार रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई आहे. खात्यासाठी आपण वारसाचे नामनिर्देशन करतो; त्याचप्रमाणे, आजारपणात आपल्या वतीने निर्णयास साहाय्य करणारा विश्वासू प्रतिनिधी नेमण्याचा आणि कोणते उपचार हवेत वा नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क प्रत्येक प्रौढ व्यक्तीस आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही आरोग्य विम्याचे संरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. पॉलिसी घेताना ही बाब अवश्य तपासावी. तातडीच्या मदतीसाठी शासनाची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

डॉ. भार्गवी दावर यांचे २०२४ मध्ये निधन झाले. आईला जे वर्तुळ लाभले नाही, ते इतरांभोवती उभे करण्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले. आपल्याही घरी, शेजारी अथवा कार्यालयात कोणी अलीकडे अबोल झाले असेल. त्यांच्यापाशी घटकाभर बसावे, त्यांचे ऐकावे. वर्तुळाची सुरुवात तेथूनच होते.