१३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद

मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावातून बारावीनंतर इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला निघालेल्या ओबीसी मुलाच्या वाटेत एक तारीख उभी असते : १३ ऑक्टोबर १९६७. जातीच्या दाखल्यासाठी त्या तारखेआधीपासून आपले घराणे महाराष्ट्रात राहते आणि त्याची जात हीच आहे, हे कागदावर दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. शिकायचे नातवाला असते आणि शाळा शोधावी लागते आजोबांची. मुलांना उच्च शिक्षणापर्यंत पोचवण्याचे काम या शोधापासूनच सुरू होते, आणि ते करणाऱ्यांना आपण शिक्षणक्षेत्रात मोजत नाही, ही चूक आहे.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमी लेयर ही कामे सेतू केंद्रावर मार्गी लागतात. खरी कसोटी जुन्या नोंदीची. शाळेच्या कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर निघते. पाने पिवळी, कडा झिजलेल्या, शाई फिकट. बोट रकान्यावरून हळूहळू खाली सरकते : नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख. नोंदीत ‘रामा’ आणि आधारवर ‘रामराव’ असेल, तर दोघे एकच हे सांगणारे शपथपत्र आले. आजोबांनी शाळाच पाहिली नसेल, तर कोतवाल बुकाची नक्कल काढायची. त्यात मंगरूळपीरचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून जुन्या दप्तराचा माग कधी अकोल्यापर्यंतही जातो. मजुरीवर जगणाऱ्या घरात अशी प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला रोज असतो.

आता सगळे ऑनलाइन आहे, मुलांनी स्वतः धडपडावे, असे कोणी म्हणेल. पण अर्ज मोबाइलवर भरता आला, तरी १९६७ च्या आधीचा कागद मोबाइलमध्ये सापडत नाही. योजना भरपूर आहेत, हा दुसरा आक्षेप. तो खराही आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ओबीसी घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण फीमाफीचे दारही कागदानेच उघडते. राखीव जागेवर प्रवेश घेऊन जातपडताळणीचे वैधता प्रमाणपत्र मुदतीत आले नाही, तर ती जागाच जाते. बनावट दाखले रोखायला पडताळणी हवीच, हेही मान्य. मात्र तिचा सगळा भार सतरा वर्षांच्या पोरावर आणि निरक्षर आईवर टाकणे न्यायाचे नाही.

खेड्यातल्या मुलांना असा आधार देणे वऱ्हाडाला नवे नाही. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, तेव्हा खेड्यातल्या मुलाला कॉलेजच्या आधी राहायला जागा हवी, हे त्यांनी ओळखले होते. आज बुलढाण्याच्या राजू केंद्रे यांची ‘एकलव्य’ पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना नामांकित संस्थांपर्यंत नेते आहे. पण अशी संस्था गावोगावी पोचणार नाही. कनिष्ठ महाविद्यालय मात्र जवळपास असते. तिथे अकरावीच्या पहिल्या महिन्यातच प्रत्येक मुलाची कागदांची यादी तपासली जावी आणि त्यासाठी एक माणूस नेमलेला असावा. बारावीच्या निकालानंतर हाती उरतात ते मोजके आठवडे. अकरावीत असतात पूर्ण दोन वर्षे. घरात अकरावीचे मूल असेल, तर आजोबांचा दाखला आजच शोधायला घ्या.