रोड रॅशचं माहेर

बंगळुरूच्या मारतहळ्ळीत ‘जॅग्वार’ म्हटलं की लोक आधी आभाळाकडे बघतात. एचएएलची धावपट्टी इथून जवळच. हवाई दलाची जॅग्वार विमानं याच एचएएलने वर्षानुवर्षं बांधली, आणि एखादं लढाऊ विमान चाचणीला निघालं की आमच्या बाल्कनीची सरकती काच अजूनही थरथरते. त्यामुळे शेजारच्या विंगमधल्या मित्राला मी सांगितलं, की दोन महिने झाले, रोज रात्री जॅग्वार घेऊन बसतोय, तेव्हा त्याने विचारलं, ‘‘सिम्युलेटर का?’’ सिम्युलेटर नव्हे रे, अटारीचा जॅग्वार. १९९३ साली निघालेला आणि तीन वर्षांत गाशा गुंडाळलेला व्हिडिओ गेमचा डबा. हे ऐकून तो हसायला लागला. म्हणाला, ‘‘मग माझ्या माळ्यावर त्याचा भाऊबंद पडलाय. न्यायचा तर ने.’’

भाऊबंद म्हणजे थ्रीडीओ. मित्र पूर्वी काही वर्षं कॅलिफोर्नियात होता, तिथल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून त्याने हा उचलला होता. डब्यावर नाव ‘गोल्डस्टार’. आपल्या निम्म्या घरांत ज्या कंपनीचा टीव्ही किंवा फ्रिज आहे, ती एलजी १९९५ पर्यंत याच नावाने ओळखली जायची. डबा अमेरिकन, म्हणजे ११० व्होल्टचा. आपल्या प्लगमध्ये खुपसला असता तर पाच सेकंदांत धूर निघाला असता. म्हणून एका शनिवारी एस.पी. रोडला जाऊन स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला. तो गेमच्या डब्यापेक्षा जड निघाला आणि चालू केला की देवळातल्या भजनी मंडळातल्या तंबोऱ्यासारखा एकाच सुरात गुणगुणत राहतो. बायकोने त्याला ‘बुवा’ असं नाव ठेवलंय.

असे दोन पडेल डबे शेजारी शेजारी मांडून बसलो. खरं तर दीडच, कारण जॅग्वार माझ्याकडे फक्त लॅपटॉपवर, एम्युलेटरमध्ये आहे. हौस म्हणून सुरू केलं, पण पुढे गोष्ट वेगळीच निघाली.

आधी हे सांगायला हवं, की माझ्या वयाच्या मुलांनी माझ्या मिरजेत काय किंवा मारतहळ्ळीत काय, हे दोन्ही डबे लहानपणी पाहिलेले असण्याची शक्यता नव्हती. आमच्याकडे असायचा तो निन्टेन्डोच्या नकलेचा डबा. कुणाकडे सामुराई, कुणाकडे नाव नसलेलाच. कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हणायचं, कंट्रोलरला ‘रिमोट’, आणि गेम चालेना तर कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. वर्षानुवर्षं मारिओ आणि कॉन्ट्रा. १९९५ मध्ये शॉ वॉलेसने सेगाचा मेगा ड्राइव्ह रीतसर भारतात आणला, तो १८ हजार रुपयांना. शॉ वॉलेस म्हणजे दारूवाली कंपनी. आमच्या वडिलांना तेवढंच कारण पुरेसं होतं. थ्रीडीओ अमेरिकेत ऑक्टोबर १९९३ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत होती ६९९ डॉलर. डॉलर तेव्हा ३१ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे जकात वगैरे सोडून साडेएकवीस हजार. जॅग्वार त्या मानाने स्वस्त, अडीचशे डॉलर, पण तोही कुणी आणल्याचं ऐकलं नाही.

एवढ्या किमतीचा डबा अमेरिकेत तरी कोण घेणार? कुणी फारसा घेतला नाही. थ्रीडीओमागचा माणूस ट्रिप हॉकिन्स. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी त्यानेच काढलेली. त्याची कल्पना अशी, की डबा आपण बनवायचाच नाही. आराखडा द्यायचा, आणि पॅनासॉनिक, सान्यो, गोल्डस्टार यांनी तो बनवून विकायचा, जसे व्हीसीआर विकले जातात. निन्टेन्डो आणि सेगा डबा पडत्या भावात विकून गेमच्या पैशावर जगायचे. इथे डबा बनवणाऱ्याला गेमचा पैसा मिळणारच नव्हता, म्हणून तो आपला नफा डब्यावरच काढायचा. किंमत चढली ती त्यामुळे. मात्र त्याची दुसरी बाजू अशी, की गेम बनवणाऱ्याकडून थ्रीडीओ दर सीडीमागे फक्त तीन डॉलर घ्यायचा, आणि कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, याची फारशी छाननी नव्हती. दार सताड उघडं.

उघड्या दारातून कोणकोण आलं हे बघायचं तर ‘प्लंबर्स डोन्ट वेअर टाइज’ चालू करावा. मी केला. त्यात खेळच नाही. स्थिर फोटो एकामागून एक येतात, मागे कुणीतरी चावट संवाद म्हणतं, आणि अधूनमधून पर्याय निवडायचा. गावच्या जत्रेत ‘बारा हात लांब बाई’ म्हणून तंबूत बोलावतात आणि आत चित्र दाखवतात, तसलं. सीडीवर साडेसहाशे एमबी जागा मिळाल्यावर काय करायचं हे न सुचलेल्यांनी तिच्यात नटांचे व्हिडिओ भरले, आणि असल्या व्हिडिओछाप गेमांचा थ्रीडीओवर सुळसुळाट झाला. जपान-अमेरिका मिळून दोनशेहून जास्त गेम आले. पैकी निम्मे मी आज फुकटही खेळणार नाही.

जॅग्वारची यादी मात्र एका बैठकीत वाचून होते. पन्नासेक कॅसेट, नंतर जोडलेल्या सीडी ड्राइव्हसाठी आणखी डझनभर. अटारीने ‘६४ बिट’ म्हणून डांगोरा पिटला होता, आणि आतल्या दोन मुख्य चिप्सची नावं होती टॉम आणि जेरी. या दोघांना एकत्र नाचवणं अवघड होतं, हार्डवेअरमध्ये चुका होत्या, मार्गदर्शनाचे कागद अपुरे होते. शिवाय डब्यात मोटोरोलाची जुनी ६८००० चिपही होती, जी प्रोग्रामरांना सेगा आणि अमिगा कॉम्प्युटरपासून तोंडपाठ. मग काय, बरेच जण टॉम-जेरीच्या वाटेला न जाता तिच्यावरच काम उरकायचे, आणि गेम दिसायचा मेगा ड्राइव्हसारखाच. रिमोटच्या पोटावर टेलिफोनसारखी बारा बटणं. बऱ्याच गेमांबरोबर त्यांवर बसवायचा प्लास्टिकचा रंगीत तुकडा मिळायचा. १९९५ च्या अखेरपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास डबे विकले गेले. थ्रीडीओ पडेल म्हणायचा, पण त्याचे सुमारे वीस लाख खपले. पडण्यातही इतका फरक असतो.

या पडलेल्या डब्यावरून आमच्या मारतहळ्ळीच्या नावाची एक कथा आठवते. नवा मराठी माणूस इथे आला की ‘मराठाहळ्ळी’ म्हणतो आणि आठवड्याभरात शहाजीराजांच्या जहागिरीपर्यंत जाऊन पोचतो. इथले लोक कुणी मारुतीच्या देवळाचं नाव सांगतात, तर कुणी एचएएलच्या मारुत विमानाचं. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. मारुत मात्र खरं. जर्मन अभियंता कुर्ट टँक याने इथे रचलेलं, १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालेलं विमान. सांगाडा सुरेख, पण त्याला साजेसं इंजिन कधी मिळालंच नाही. १४७ बनली आणि थांबली. एचएएलच्या संग्रहालयात त्याच्यापुढे उभा राहिलो की मला अटारीचा डबा आठवतो, आणि डबा खेळताना मारुत.

जॅग्वारच्या त्या पन्नास कॅसेटांत दोन मात्र अशा आहेत, की त्यांच्यासाठी डबा विकत घ्यावा. जेफ मिंटरचा ‘टेम्पेस्ट २०००’: एका रंगीत जाळ्याच्या कडेवर आपण, खोलातून चढत येणारे शत्रू, आणि टेक्नो संगीत असं की रात्री अकराला खालच्या मजल्यावरून फोन आला. दुसरा ‘एलियन व्हर्सेस प्रेडेटर’, रेबेलियनचा, १९९४ चा. संगीत जवळपास नाहीच. लांब रिकामे बोळ, दाराचा सुस्कारा, आणि कुठेतरी पलीकडे काहीतरी सरपटल्याचा आवाज. मी हेडफोन काढून टाकला, हे कबूल करतो.

दोन्ही डब्यांवर आलेला ‘डूम’ समोरासमोर लावून पाहावा, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. जॅग्वारचा डूम खुद्द डूमच्या मूळ प्रोग्रामरने, जॉन कारमॅकने बसवलेला. गुळगुळीत चालतो, पण खेळताना संगीत नाही. ज्या चिपकडून आवाज काढायचा, तिलाच त्याने हिशेबाला जुंपलं होतं. म्हणजे राक्षस मारायचे ते सगळे गपचूप. थ्रीडीओचा डूम आला १९९६ मध्ये, आणि त्याची जन्मकथा गेमपेक्षा रंजक आहे. हक्क घेणाऱ्या आर्ट डेटा इंटरॅक्टिव्ह कंपनीच्या मालकाला वाटत होतं, की नवं हत्यार घालायचं म्हणजे त्याचं चित्र काढून दिलं की झालं. काम गेलं रेबेका हाइनमन यांच्याकडे, आणि हाती आले दहा आठवडे. त्यांनी जॅग्वारचाच कोड मिळवून एकटीने तो डब्यात बसवला. वेळ पुरेना, म्हणून चित्र पडद्याच्या मधोमध एवढ्याशा चौकटीत ठेवलं. तरीही रखडत चालतो. पण संगीत! खऱ्या गिटार, खरे ड्रम, त्या मालकाच्याच बँडने वाजवलेले. मी जॅग्वारवर डूम खेळलो आणि बुवाच्या गुणगुणीवर थ्रीडीओचं संगीत लावून ठेवलं. दोन पडेल डबे मिळून एक चांगला डूम झाला.

आता त्या वेगळ्या गोष्टीकडे येतो. शनिवारी रात्री मित्राने डब्यातून एक सीडी काढली आणि म्हणाला, ‘‘ही बघ, ओळखशील.’’ पडद्यावर मोटरसायकली आल्या. माझ्या अंगावर काटा आला. मिरजेत स्टेशन रोडला एक कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, तासाला पंधरा रुपये, खुर्चीसाठी पाठीमागे रांग. तिथे आम्ही एकच गेम खेळायचो. लाथ मारायची, साखळी हिसकावून घ्यायची, पोलीस दिसला की वेग वाढवायचा. कॅफेतल्या कॉपीत गाणी आणि व्हिडिओ नव्हते, कुणीतरी जागा वाचवायला ते उडवून टाकले होते. आणि इथे मेन्यूतच साउंडगार्डन वाजत होतं.

‘रोड रॅश’चा पहिला भाग १९९१ चा, सेगावरचा. पण आपण ज्याला रोड रॅश म्हणतो, खऱ्या फोटोंसारखे रस्ते, ट्रॅफिक, चेहऱ्यांचे फोटो असलेले गुंड, तो १९९४ मध्ये थ्रीडीओसाठी बनला. दोन वर्षांनी विंडोजवर उतरला, आणि तिथून सीडीवर, फ्लॉपीवर, पेन ड्राइव्हवर हिंडत मिरजेच्या स्टेशन रोडपर्यंत आला. सिएरा नेवाडा आणि नापा व्हॅली ही नावं भूगोलाच्या पुस्तकात भेटण्याआधी आम्हाला वळणांसकट पाठ होती.

दुसरी सीडी ‘नीड फॉर स्पीड’ची निघाली. तोही पहिल्यांदा याच डब्यावर, १९९४ मध्येच, ‘रोड अँड ट्रॅक’ मासिकाच्या मदतीने. या मूळ अवतारात शर्यतीला एकच प्रतिस्पर्धी आहे आणि तो व्हिडिओत येऊन आपली खिल्ली उडवतो. पुढे या मालिकेचे किती भाग निघाले, विचारू नका. ‘वे ऑफ द वॉरियर’ नावाची एक मारामारी आहे, बरीच वाईट, पण ती बनवणारी मुलं म्हणजे नॉटी डॉग, नंतर ‘अनचार्टेड’वाली. ‘स्टार कंट्रोल २’च्या थ्रीडीओ आवृत्तीचा कोड २००२ मध्ये मोकळा झाला आणि आज तो कुठल्याही लॅपटॉपवर फुकट खेळता येतो. थ्रीडीओतून बाहेर पडलेली ही मंडळी जगभर संसार करून बसली.

जॅग्वारचेही काही बाहेर पडले. ‘रेमन’ त्याच्यावर आला, पण १९९५ मध्येच तो प्लेस्टेशनवरही आला आणि तिथेच मोठा झाला. ज्या युबिसॉफ्टचा पुढे पुण्यात स्टुडिओ झाला, तिचं नाव घरोघरी नेण्यात त्या हातपाय नसलेल्या पोराचा वाटा मोठा. बाकीचे बहुतेक मात्र त्या डब्यातच राहिले. आणि डब्याचं काय झालं? त्याच्या प्लास्टिकच्या कवचाचे साचे एका अमेरिकन कंपनीने घेतले आणि त्यातून दातांच्या डॉक्टरांसाठी कॅमेऱ्याचे डबे काढले. जबड्यासाठी जॅग्वार, नावाला जागला म्हणायचं.

मला वाटायचं थ्रीडीओ जिंकला. पण मग मारतहळ्ळीत बसून हे गेम पैसे देऊन, रीतसर खेळायचे तर? जॅग्वारचे बरेच मिळतात. अटारीने २०२२ मध्ये ‘अटारी ५०’ हा संग्रह काढला, त्यात ‘टेम्पेस्ट २०००’ आहे, ‘सायबरमॉर्फ’ आहे, मठ्ठ ‘क्लब ड्राइव्ह’सुद्धा आहे. गेम थोडे, त्यातले बरेच अटारीचे स्वतःचे, म्हणून एका गाठोड्यात बांधता आले. थ्रीडीओचे गेम दहा दिशांना गेले, कुणाचे हक्क कुणाकडे हे लावत बसायचं तर एक वकील पुरणार नाही. लेकींची सासरं भरभराटली आणि माहेरी कुलूप.

मित्राचा दहा वर्षांचा मुलगा परवा आला होता. दुसरा रिमोट कुठे लावायचा ते त्याला सापडेना, कारण डब्याला एकच खाच. थ्रीडीओत दुसरा रिमोट पहिल्या रिमोटच्या शेपटीला जोडतात, तिसरा दुसऱ्याच्या, असे आठपर्यंत. तो म्हणाला, ‘‘काका, हे तर आगगाडीच्या डब्यांसारखं आहे.’’ रोड रॅश एकट्याचाच, त्यामुळे दुसऱ्या रिमोटचा उपयोग नव्हता, पण त्याने तो हातात धरूनच ठेवला. पहिल्याच वळणावर त्याने माझ्याकडून रिमोट घेतला, पोलिसाला लाथ मारली, आणि विचारलं, ‘‘याची साखळी कशी काढून घ्यायची?’’