रस्त्याच्या पोटातली पोकळी

पावसाळ्यात रस्त्यावर खड्डा दिसला की, ‘डांबर कमी घातलं असणार,’ असं आपण सहज म्हणतो. डांबर कमी पडलं तर खडी सुटते, हे खरंच. मग भरपूर घातलं तर रस्ता टिकेल का? रस्त्याच्या साहित्याच्या प्रयोगशाळेत काम करताना हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. उत्तर आहे, नाही.

योग्य प्रमाण ठरवण्यासाठी आपल्याकडे मार्शल पद्धत वापरतात. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या महामार्ग खात्यातले अभियंते ब्रूस मार्शल यांनी ती १९३९च्या सुमारास काढली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी धावपट्ट्यांसाठी ती पक्की केली.

खडी, कच आणि दगडाची भुकटी तापवून त्यात गरम डांबर मिसळायचं. साडेचार, पाच, साडेपाच असे टक्के बदलत प्रत्येकी तीन वड्या पाडायच्या. वडी सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाची. अवजड वाहतुकीचा रस्ता असेल, तर साडेचार किलोंचं वजन दीड फुटावरून तिच्या प्रत्येक बाजूवर ७५ वेळा पाडतात. पुढे वाहतुकीखाली रस्ता जसा दबेल, तशी ती दाबून घ्यायची. नंतर ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवून ती यंत्रात मोडतात, कारण भर उन्हाळ्यात डांबरी रस्ताही असाच तापतो. तिनं किती भार सोसला आणि ती किती मिलिमीटर दबली, हे टिपून घेतात.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो वडीतल्या हवेच्या पोकळीचा आकडा. ती साधारण ३ ते ५ टक्के हवी. उन्हात डांबर फुगतं. त्याला जागाच नसेल तर ते वर येतं, रस्ता चकाकतो, निसरडा होतो आणि चाकोऱ्या पडतात. उलट पोकळी फार असेल तर पाणी शिरतं आणि खडीवरचं डांबर सोलून काढतं.

नव्या रस्त्यात रोलर फिरल्यावरही सात-आठ टक्के पोकळी राहते. पुढचं काम वाहतूक करते. मात्र मिश्रण निवल्यावर रोलर फिरला, तर ती याहून जास्त राहते. मग प्रयोगशाळेतली उत्तम पाककृतीही पहिल्याच पावसात वाया जाते.

म्हणून आपल्या भागात डांबरीकरण चालू असेल तेव्हा मिश्रण गरम असतानाच रोलर फिरतो आहे ना, एवढं जरूर पाहा. माहिती अधिकार कायदा, २००५ मुळे मिश्रणाचा चाचणी अहवाल मागता येतो, इतकंच नव्हे तर साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आपल्याला आहे. अहवालात पोकळीचा आकडा आधी शोधा.