कोसळलेल्या आज्ञावलीचा पंचनामा

कचेरीतील एखादा लेखनिक संगणकापुढे बसून दोन तास एक लांबलचक अहवाल टंकित करीत आहे. शेवटचा परिच्छेद संपत आला असता पडद्यावरील चौकट क्षणार्धात नाहीशी होते आणि तिच्याबरोबर दोन तासांचे कामही जाते. काय घडले हे त्याला कळत नाही; आपण शेवटी कोणती कळ दाबली होती हेही त्याला नीटसे आठवत नाही. तो नशिबाला बोल लावतो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून आरंभ करतो. संगणकाच्या परिभाषेत या घटनेला आज्ञावली कोसळणे असे म्हणतात. आज्ञावली, अर्थात प्रोग्राम, म्हणजे कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे हे संगणकाला सांगणाऱ्या सूचनांची मालिका होय.

ही आपत्ती ग्राहकाच्या घरी ओढवण्यापूर्वी ती निर्मात्याच्या दारातच ओढवावी, एवढ्यासाठी आज्ञावलींच्या चाचण्या घेतल्या जातात. हे काम आता बऱ्याच अंशी दुसऱ्या एका आज्ञावलीकडे सोपविलेले असते. ही परीक्षक आज्ञावली कळा दाबल्याचा आणि माउस हलविल्याचा अगदी माणसासारखा व्यवहार करते, पडद्यावर काय उमटले ते वाचते, अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते आणि पुढच्या चाचणीकडे वळते. ती थकत नाही, कंटाळत नाही. रात्रभर चाचण्या घेऊन सकाळी निकालपत्र तयार ठेवते. परंतु रात्री दोन वाजता, खोलीत चिटपाखरूही नसताना, परीक्षेस बसलेली आज्ञावलीच कोसळली तर परीक्षकाने काय करावे? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. या विद्येतील निम्मी डोकेदुखी त्यातच आहे.

१९८३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अ‍ॅपल कंपनीची मंडळी मॅकिन्टॉश हा संगणक सिद्ध करण्यात गुंतली होती. त्याची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती. आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रदेखील एवढ्या जागेत सहसा मावत नाही. मॅकराइट ही लेखनाची आणि मॅकपेंट ही चित्रे काढण्याची आज्ञावली त्या जागेत जेमतेम बसत असे आणि स्मृती भरत आली की त्या कशा वागतील याचा भरवसा नव्हता. स्टीव्ह कॅप्स या तंत्रज्ञाने त्यावर एक गमतीदार तोड काढली. कळफलक आणि माउस यांच्या हालचाली कृत्रिमरीत्या घडवून आणण्याची एक सोय त्या यंत्रात होती. तिचा उपयोग करून त्याने एक छोटी आज्ञावली लिहिली. ती वाटेल त्या कळा दाबी, वाटेल तेथे माउस फिरवी, वाटेल ती यादी उघडी. पडद्याकडे पाहणाऱ्याला वाटावे, यंत्रापुढे एखादे अदृश्य माकड बसले आहे! तिचे नावही माकड असेच पडले. प्रारंभी या माकडापुढे आज्ञावली लवकरच कोसळत. दोष सापडत आणि दुरुस्त होत गेले तसतसा त्यांचा टिकाव वाढत गेला.

मात्र माकडाने एक नवीच अडचण उभी केली. यदृच्छेने यादीतून निवड करता करता ते केव्हा तरी ‘बाहेर पडा’ हीच आज्ञा निवडी. आज्ञावली मुकाट्याने बंद होई, परीक्षाही तेथेच संपे, आणि दोष मात्र कोणाचाच नसे. मॅकपेंटचा कर्ता बिल अ‍ॅटकिन्सन याने सुचविले की, माकड कामावर आहे हे दर्शविणारी एक खूण यंत्राच्या स्मृतीत ठेवावी. ती खूण दिसली की आज्ञावली बाहेर पडण्याची वाट बंद करीत असे. आपण होऊन थांबणे आणि कोसळणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पडद्यावरची चौकट नाहीशी झाली एवढ्यावरून त्यांतील कोणती घडली हे समजत नाही.

समजावे कसे? यंत्राचा सर्व कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. ती प्रत्येक आज्ञावलीला स्मृतीचा ठराविक भाग नेमून देते. दुसऱ्याच्या शेतात शिरलेल्या गुराप्रमाणे एखादी आज्ञावली आपली हद्द ओलांडू लागली की संगणकाचे यंत्रांगच ते पाऊल अडविते आणि कार्यप्रणाली त्या आज्ञावलीचा शेवट करते. हा शेवट ती अंकाने नोंदविते. युनिक्स कुळातील प्रणालींत या अपराधाला ११ क्रमांकाचा संकेत आहे. आज्ञा वाचणारी शेल ही आज्ञावली त्यात १२८ मिळविते आणि १३९ हा अंक कळविते. सुरळीतपणे संपलेली आज्ञावली शून्य कळविते. जो परीक्षक हा अंक वाचतो त्याला फसगतीचे भय कमी. जो केवळ पडद्याकडे पाहतो तो चकतो.

दुसरा प्रकार गोठण्याचा. येथे आज्ञावली जिवंत असते, पण हाकेला ओ देत नाही. एखादी चौकट पाच सेकंद प्रतिसाद देईनाशी झाली की विंडोज ही कार्यप्रणाली तिला प्रतिसादहीन समजते. परंतु मोठी फाईल उघडण्यात गढलेली निर्दोष आज्ञावलीही तेवढा वेळ गप्प बसू शकते. किती वेळ थांबावे याचे निरपवाद सूत्र नाही. त्या त्या कामाचा नेहमीचा वेळ मोजून, त्यावर सढळ हाताने सूट देऊन ही मर्यादा ठरवावी लागते. मर्यादा आखूड ठेवली तर निरपराध्याला शिक्षा होते आणि लांब ठेवली तर सबंध रात्र वाट पाहण्यात जाते.

सर्वांत फसवा प्रकार तिसरा. विंडोजच्या अनेक आवृत्त्यांत आज्ञावली कोसळताच पडद्यावर एक निवेदन येत असे, की अमुक आज्ञावलीचे काम थांबले आहे, आणि कोणीतरी बटण दाबीपर्यंत ते तेथेच ठाण मांडून बसे. दिवसा हे सौजन्य ठीक होते. रात्री बटण दाबणार कोण? परीक्षक वाट पाहत राहतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, पुढील चाचण्यांच्या कळा त्या निवेदनावरच दाबीत सुटतो. सकाळी निकालपत्र पाहावे तो अनुत्तीर्णांची ही भलीमोठी रांग! तिच्यात खरा दोषी एकच असतो आणि तोच गर्दीत हरवलेला असतो. यासाठी चाचणीच्या यंत्रावर अशी निवेदने येऊ न देण्याची तजवीज कार्यप्रणालीच्या मांडणीतच करून ठेवतात. शिवाय कळा दाबणारा एक आणि पहारा करणारा दुसरा अशी विभागणी असावी लागते. पहारेकऱ्याने परीक्ष्य आज्ञावलीच्या पोटात बसून चालत नाही. ती कोसळली की तोही तिच्याबरोबर गाडला जातो.

कोसळणे ओळखले म्हणजे पुढे काय? बहुतेक नवशिके येथे एकच चूक करतात. ते आज्ञावली पुन्हा सुरू करतात आणि पुढच्या चाचणीला लागतात. हे म्हणजे पंचनामा होण्यापूर्वीच घटनास्थळ झाडून काढण्यासारखे आहे. शेवटच्या पन्नास-शंभर क्रिया कोणत्या आणि कोणत्या क्रमाने झाल्या, त्या क्षणी पडद्यावर काय होते, आणि स्मृतीत काय होते, हे सारे प्रथम जतन केले पाहिजे. क्रिया यदृच्छेने निवडल्या असतील तर ज्या बीजसंख्येपासून ही यादृच्छिक मालिका निघाली ती संख्या टिपून ठेवावी. त्याच बीजापासून तीच मालिका जशीच्या तशी पुन्हा उगवते. स्मृतीची जी प्रत उतरवून ठेवतात तिला जुने तंत्रज्ञ ‘कोअर डंप’ म्हणत आले आहेत. एके काळी संगणकाची स्मृती चुंबकीय कड्यांची बनलेली असे आणि त्या कड्यांना कोअर हे नाव होते. कडी केव्हाच अडगळीत गेली, शब्द मात्र उरला आहे.

या प्रतीवरून आज्ञावली नेमक्या कोणत्या सूचनेपाशी कोसळली ते कळते, आणि एकाच ठिकाणी झालेल्या घटना एका गठ्ठ्यात बांधता येतात. एका रात्रीत चाळीसदा कोसळणे म्हणजे चाळीस दोष नव्हेत. कदाचित तो एकच दोष चाळीसदा भेटलेला असतो. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी २००२ मध्ये ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात असेच नमूद केले होते: ग्राहकांकडून आलेल्या अहवालांत निम्म्या बिघाडांचे मूळ केवळ एक टक्का दोषांत होते.

साक्ष नोंदविल्यावरच सफाई. मृत आज्ञावलीने सुरू केलेल्या उपआज्ञावली मागे राहिलेल्या असतात, त्या संपवावयाच्या. अर्धवट लिहिलेल्या फायली काढून टाकावयाच्या. बदललेल्या मांडण्या पूर्ववत करावयाच्या. एवढे न केल्यास गंमत अशी होते की, आज्ञावली पुन्हा उघडताच ती आपुलकीने विचारते, ‘मागचा अपुरा कागद परत हवा काय?’ पुढील चाचणीला असा प्रश्न अपेक्षितच नसतो. ती अडखळते, आणि एका कोसळण्याचा संसर्ग सबंध रांगेला होतो.

आणखी एक प्रघात पुष्कळ ठिकाणी आढळतो. चाचणी फसली की ती आपोआप पुन्हा घ्यावयाची आणि दुसऱ्या खेपेस निभावली तर ‘उत्तीर्ण’ असा शेरा मारावयाचा. निकालपत्र त्यामुळे स्वच्छ दिसते खरे, पण ही स्वच्छता चादरीखाली धूळ लोटण्याची आहे. वीस वेळांत एकदा कोसळणारी आज्ञावली कोसळतेच. तो विसावा गृहस्थ कोण, एवढाच प्रश्न उरतो. पुन्हा घेण्यास हरकत नाही, पण पहिल्या खेपेचा पंचनामा निकालपत्रात राहिला पाहिजे.

इतका कटाक्ष कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १९८८ च्या शरद ऋतूत मिळाले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक बार्टन मिलर एका वादळी रात्री घरून दूरध्वनीच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडलेले होते. वादळामुळे तारेत खरखर येई आणि टंकित केलेल्या अक्षरांत भलतीच अक्षरे मिसळत. आश्चर्य त्याचे नव्हते. त्या निरर्थक अक्षरांनी नित्याच्या वापरातील आज्ञावली कोसळत होत्या, हे आश्चर्य होते. मिलर यांनी हाच विषय विद्यार्थ्यांना अभ्यासास दिला. १९९० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, युनिक्सच्या निरनिराळ्या आवृत्त्यांतील सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश उपयुक्त आज्ञावली यादृच्छिक अक्षरांच्या माऱ्यापुढे कोसळल्या अथवा गोठल्या. पुष्कळ ठिकाणी कारण एकच होते: येणारा मजकूर आपल्या पात्रात मावेल की नाही हे न पाहताच तो ओतून घेणे.

त्याच वर्षी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, इंटरनेटवर मॉरिस वर्म नावाची एक स्वयंप्रसारी आज्ञावली सुटली आणि तिने काही हजार संगणक जेरीस आणले. आत शिरण्याच्या तिच्या वाटांपैकी एक वाट हीच होती: ‘फिंगर’ या सेवेला तिच्या पात्रात न मावणारा मजकूर पाठविणे. जेथे यदृच्छेने आलेला मजकूर आज्ञावलीला कोसळवितो, तेथे हेतुपुरस्सर रचलेला मजकूर तिचा ताबाही घेऊ शकतो. नोंद न करता झाडून टाकलेले कोसळणे म्हणजे उघडे राहिलेले दारही असू शकते.

मिलर यांनी हा प्रयोग पुढेही चालू ठेवला. २००० मध्ये त्यांनी आणि जस्टिन फॉरेस्टर यांनी विंडोज एनटीवरील तीसहून अधिक आज्ञावलींवर यादृच्छिक कळा व माउस यांचा मारा केला. २१ टक्के कोसळल्या, आणखी २४ टक्के गोठल्या. २००६ मध्ये मॅकच्या नव्या प्रणालीवर तपासलेल्या ३० सचित्र आज्ञावलींपैकी २० कोसळल्या, दोन गोठल्या, आठच तगल्या. ज्या यंत्राच्या बालपणी माकडाचा जन्म झाला, त्याच कुळातील हे यंत्र होते!

जतन केलेल्या साक्षीतून किती मोल काढता येते हे जर्मनीतील आंद्रेआस त्सेलर आणि राल्फ हिल्डेब्रांट यांनी २००२ मध्ये दाखविले. १९९९ च्या जुलैत मोझिला या जालदर्शक आज्ञावलीच्या कर्त्यांपुढे ३७० हून अधिक दोषवृत्ते पडून होती. प्रत्येकात काहीतरी बिघडले होते, पण नेमके कशाने, हे शोधण्यास माणसे अपुरी होती. पाच वृत्ते सुटसुटीत करून देणाऱ्या स्वयंसेवकास समारंभाचे निमंत्रण आणि वीस करणाऱ्यास अभियंत्यांच्या सह्यांचा सदरा, अशी बक्षिसे लावण्यात आली. त्सेलर व हिल्डेब्रांट यांनी हे काम यंत्राकडेच सोपविले. एका वृत्तात विशिष्ट पान छापावयास गेले की मोझिला कोसळे. कोसळण्यापर्यंतच्या क्रियांची त्यांनी नोंद केली: कळा व माउस मिळून ९५ क्रिया. यंत्राने त्यांचे दोन भाग केले, प्रत्येक भाग निराळा चालवून पाहिला. कोसळली तर तेवढाच भाग ठेवला, न कोसळल्यास आणखी बारीक तुकडे केले. दर खेपेस मोझिला नव्याने उघडावयाचे, क्रिया चालवावयाच्या, कोसळले की नाही ते ठरवावयाचे, आणि उरलेसुरले आवरून पुन्हा आरंभ. या क्रिया आणि छापावयाचे पान या दोहोंसाठी मिळून ५०० मेगाहर्ट्झच्या संगणकावर हे १३९ वेळा झाले आणि त्यास ३५ मिनिटे लागली. (युनिक्सच्या १३९ या अंकाशी जुळणारा हा आकडा म्हणजे निव्वळ योगायोग.)

९५ क्रियांपैकी तीन उरल्या: छपाईची आज्ञा देणारी कळ, छपाईच्या बटणावर माउस दाबणे आणि तो सोडणे. मग छापावयाच्या पानावर हाच प्रयोग झाला. त्या पानाच्या ८९६ ओळींपैकी एकच उरली. ते पान मोझिलाच्या दोषवृत्तांचा शोध घेण्याचे होते, आणि ती ओळ एका निवडयादीची होती. दोषांचा अग्रक्रम त्या यादीतून निवडावयाचा होता.