परदेशातील ज्येष्ठ आणि हयातीचा दाखला

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांतील मुले आज कॅनडा, ऑस्ट्रेलिया वा आखाती देशांत स्थिरावली आहेत. रेल्वे, टपाल खाते, शासकीय कार्यालये येथे आयुष्य वेचलेले आईवडील निवृत्तीनंतर त्यांच्याकडे जातात. कुणी सहा महिन्यांसाठी, तर कुणी कायमचे. नोव्हेंबर महिन्यात आपण मृत आप्तांचे स्मरण करतो. नेमक्या त्याच महिन्यात शासन आपल्या निवृत्तांना विचारते, ‘आपण हयात आहात ना?’ या प्रश्नाचे उत्तर वेळेत गेले नाही, तर निवृत्तिवेतन थांबते.

मग औषधपाण्यासाठी मुलापुढे हात पसरावा लागतो. मुलगा प्रेमाने देतो, तरीही स्वाभिमानाने जगलेल्या वृद्धाला ते जड जाते. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली कृपा नसून तो हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा खटल्यात दिला. परदेशी राहावयास गेल्याने हा हक्क बुडत नाही. मात्र तो जपण्यासाठी काही गोष्टी वेळेवर करणे आवश्यक आहे.

केंद्र शासनाच्या निवृत्तांनी दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. ८० वर्षे पूर्ण केलेल्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. परदेशातून हा दाखला देण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग कागदाचा. तेथील भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात पासपोर्ट व पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन अदायगी आदेश, घेऊन जावे आणि दाखला साक्षांकित करून भारतातील आपल्या बँकेकडे पाठवावा. दंडाधिकारी, नोटरी किंवा बँक अधिकारी यांच्या सहीचा दाखला अधिकृत प्रतिनिधीमार्फत सादर करण्याचीही तरतूद आहे.

दुसरा मार्ग मोबाइलचा. ‘जीवन प्रमाण’ ही सुविधा नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. प्रारंभी त्यासाठी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळे तपासणारे यंत्र लागे. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्याच्या छायाचित्रावरून ओळख पटविता येते. यासाठी आधार क्रमांक निवृत्तिवेतनाच्या नोंदीशी जोडलेला असावा लागतो. म्हणून ही जोडणी प्रवासाला निघण्यापूर्वीच करून घ्यावी आणि भारतातील मोबाइल क्रमांक चालू ठेवावा.

खाजगी आस्थापनांतून निवृत्त झालेल्या आणि १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा लाभ घेणाऱ्यांचा नियम थोडा वेगळा आहे. त्यांचा दाखला सादर केल्या दिवसापासून बारा महिने ग्राह्य धरला जातो. नोव्हेंबरचे बंधन नाही. राज्य शासनाच्या निवृत्तांनी आपल्या कोषागाराकडे किंवा बँकेकडे विचारणा करावी.

बँक खात्याकडेही लक्ष हवे. काही महिन्यांच्या भेटीसाठी जाणाऱ्याने खात्यात बदल करण्याचे कारण नाही. कायमचे स्थलांतर करणाऱ्याने मात्र बँकेला कळवून आपले बचत खाते अनिवासी साधारण, म्हणजे ‘एनआरओ’, खात्यात बदलून घ्यावे. निवृत्तिवेतन या खात्यात जमा होऊ शकते आणि देय कर भरल्यानंतर ते परदेशी पाठविताही येते. या खात्यावरील व्याजातून उगमस्थानी ३० टक्के दराने, अधिक अधिभार व उपकर, करकपात होते. म्हणून सनदी लेखापालाचा सल्ला घेणे हिताचे.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. पीपीओमध्ये पत्नीचे वा पतीचे नाव व जन्मतारीख अचूक आहे ना, हे आजच पाहावे. परदेशात एकाचे निधन झाल्यास दुसऱ्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळविताना ही एक नोंद मोठा आधार ठरते.

दाखला चुकल्यामुळे निवृत्तिवेतन थांबलेच, तर घाबरून जाऊ नये. दाखला पोहोचल्यावर ते पुन्हा सुरू होते व थकबाकीही मिळते. तथापि, विलंब जितका अधिक तितकी कागदपत्रांची धावपळ अधिक.

परदेशातील मुलामुलींना आमची विनंती आहे : ऑक्टोबर उजाडताच आईबाबांजवळ घटकाभर बसा, त्यांची कागदपत्रे चाळा आणि मोबाइल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरा. त्या पाच मिनिटांच्या सेवेवर त्यांचा वर्षभराचा स्वाभिमान अवलंबून आहे.